पैसा जमिनीला की कामाला? – ब्रिटनच्या शेती धोरणातील ओढाताण



'ब्रेक्झिट' हा शब्द बातम्यांतून आपल्या कानावर अनेकदा पडला आहे. ब्रिटन हा देश युरोपीय महासंघातून बाहेर पडला, त्याला हे नाव मिळाले. 23 जून 2016 रोजी तिथे मतदान झाले. शंभरातल्या सुमारे 52 जणांनी 'बाहेर पडावे' असा कौल दिला. 31 जानेवारी 2020 ला देश बाहेर पडला आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जुने नियम चालू राहिले. 1973 पासून ब्रिटनचे शेती धोरण युरोपबरोबर सामाईक ठरत होते. आता ते घरच्या घरी ठरवायचे होते. मग प्रश्न आला, ते कोणाच्या म्हणण्याने ठरवायचे? शेतकऱ्यांच्या की निसर्ग राखू पाहणाऱ्या संस्थांच्या?

विलायतेतल्या या भांडणाशी आपलं काय घेणं, असे कुणी म्हणेल. घेणे दोन प्रकारचे आहे. नाशिक भागातली द्राक्षे त्या देशात जातात आणि तिथे ठरलेला नियम आपल्या बागेपर्यंत येतो, हे एक. शेतीचे धोरण ठरताना कोणाचे ऐकले जाते आणि कोण मागे राहतो, हे या प्रकरणात अगदी उघड दिसते, हे दुसरे.

आधी काय होते?

युरोपच्या सामाईक कृषी धोरणात शेतकऱ्याला जमिनीच्या क्षेत्रावर पैसे मिळत. 2019-20 च्या सुमारास इंग्लंडमध्ये सपाटीच्या जमिनीला हेक्टरी सुमारे 230 पौंड मिळत होते. एक पौंड म्हणजे आपले शंभराहून अधिक रुपये. पाच हेक्टरांपेक्षा कमी जमीन असेल तर अर्जच करता येत नसे. इंग्लंडमध्ये या धोरणाखाली वर्षाला सुमारे 240 कोटी पौंड वाटले जात. त्यातला थोडा भाग निसर्ग संवर्धनाच्या योजनांना जाई, बाकी मोठा भाग हा असा क्षेत्रावर.

जमीन जास्त त्याला पैसे जास्त, असा हा हिशोब. तिथल्या सरकारनेच 2018 मध्ये सांगितले की वरच्या 10 टक्के लाभार्थींना एकूण रकमेपैकी जवळजवळ निम्मी रक्कम मिळते आणि तळच्या 20 टक्क्यांना मिळून फक्त 2 टक्के. आपल्याकडे पीएम-किसानचे वर्षाचे 6 हजार रुपये एकर मोजून मिळत नाहीत. कुटुंबाची जमीन एक एकर असो की दहा, रक्कम तीच. तिथली पद्धत याच्या उलट होती.

पण हे पैसे बंद केले तर काय होईल, याचाही हिशोब सरकारने मांडला होता. जमिनीवरचे पैसे काढून घेतले आणि बाकी सारे तसेच राहिले, तर शंभरातली सुमारे 42 शेते तोट्यात जातील, असे त्यात दिसले. डोंगराळ भागात मेंढ्या आणि गुरे पाळणाऱ्यांची स्थिती सर्वांत नाजूक. म्हणजे हा वाद नुसत्या कागदाचा नव्हता, अनेकांच्या चुलीचा होता.

दोन बाजू कोणत्या?

शेतकऱ्यांच्या बाजूने सर्वांत मोठी संघटना म्हणजे 1908 साली स्थापन झालेली नॅशनल फार्मर्स युनियन. तिचे सदस्य लाखांत नव्हे, हजारांत मोजण्याइतके. तिथे कष्टकऱ्यांतल्या शंभरात जेमतेम एक-दोन माणसे शेतीत आहेत. म्हणजे मतांचे बळ थोडे. पण मंत्रालयात या संघटनेची जुनी ऊठबस आहे. कोणत्या पिकाला किती खर्च येतो, कुठल्या नियमाने कुठे अडेल, हे आकड्यानिशी सांगणारी माणसे तिच्याकडे आहेत.

दुसऱ्या बाजूला निसर्गप्रेमी संस्था. पक्ष्यांच्या रक्षणासाठी 1889 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे, म्हणजे आरएसपीबीचे, 10 लाखांहून अधिक सदस्य आहेत. नॅशनल ट्रस्ट या संस्थेचे 50 लाखांहून अधिक. हे बहुतेक शहरगावचे लोक. त्यांचे म्हणणे असे, की 1970 पासून शेतावर राहणारी चंडोल, तित्तर यांसारखी पाखरे निम्म्याहून अधिक घटली. बांधावरची हिरवी कुंपणे तोडली गेली, खतांचे नत्र ओढ्या-नद्यांत उतरले. करदात्याचा पैसा घ्यायचा तर करदात्याला बदल्यात स्वच्छ पाणी, जिवंत माती आणि पाखरे मिळाली पाहिजेत.

तरी या दोन बाजू काळ्या-पांढऱ्या नाहीत. नॅशनल ट्रस्ट स्वतः मोठी जमीनदार आहे आणि तिच्या जमिनी खंडाने करणारे शेतकरी आहेत. उलट निसर्ग सांभाळून शेती करणाऱ्या शेतकऱ्यांचे स्वतःचे एक मंडळही याच काळात उभे राहिले.

मसुदा आला तेव्हा

4 जानेवारी 2018 रोजी ऑक्सफर्ड येथील शेती परिषदेत तेव्हाचे मंत्री मायकेल गोव्ह यांनी नवे सूत्र मांडले: सरकारी पैसा सार्वजनिक हितासाठी. त्याचा अर्थ असा. धान्य, दूध, मांस बाजारात विकले जाते, त्याचा पैसा बाजार देतो. पण आपल्या शेतात पुराचे पाणी मुरवले, ओढा स्वच्छ ठेवला, बांधावर झुडपे राखली, तर त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. अशा कामाचा पैसा सरकारने द्यावा.

हे सूत्र मुळात निसर्गप्रेमी संस्था आणि काही अर्थतज्ज्ञ बरीच वर्षे सांगत होते. मंत्र्यांनी ते उचलले, तिथेच पहिली फेरी त्या संस्थांनी जिंकली. मसुद्यावर मते मागवली तेव्हा 43 हजारांहून अधिक उत्तरे आली. त्यातली बरीचशी संस्थांच्या मोहिमांमधून सदस्यांनी पाठवलेली होती. हातात लाखो सदस्य असले की पत्रांचा पाऊस पाडता येतो.

शेतकरी संघटनेने या सूत्राला थेट नकार दिला नाही. तिने विचारले, की लोकांना अन्न मिळणे हे सार्वजनिक हित नाही का? पहिले विधेयक 2018 च्या सप्टेंबरात आले. त्यात अन्न पिकवण्याचा उल्लेख मदतीच्या कलमात नव्हता, आणि मातीचेही वेगळे नाव नव्हते. ते विधेयक रखडून बाद झाले. जानेवारी 2020 मध्ये दुसरे आले, त्यात दोन्ही गोष्टी आल्या. मातीचा कस राखणे हे मदतीचे कारण ठरले. आणि मदतीची योजना आखताना अन्न उत्पादनाला उत्तेजन देण्याची गरज मंत्र्यांनी ध्यानात घ्यावी, असे बंधन घातले गेले. देशाच्या अन्नसुरक्षेचा अहवाल दर पाच वर्षांनी द्यायचा होता, तो चर्चेनंतर दर तीन वर्षांनी द्यायचा ठरला. 11 नोव्हेंबर 2020 ला कायदा झाला. पाया निसर्गप्रेमींच्या सूत्राचा राहिला, पण भिंतीत शेतकऱ्यांनीही आपल्या विटा बसवल्या.

दोघे एक झाले तेव्हा

त्याच वर्षी एक प्रश्न दोघांनाही सारखाच टोचला. बाहेरच्या देशांशी नवे व्यापारी करार करताना, जे ब्रिटनच्या शेतकऱ्याला मना आहे तेच परदेशी माल म्हणून आत येणार का? क्लोरीनच्या पाण्यात धुतलेली कोंबडी, संप्रेरके टोचून वाढवलेल्या गुरांचे मांस, ही उदाहरणे घरोघर बोलली गेली. शेतकऱ्यांना भीती होती स्वस्त मालाची, निसर्गप्रेमींना घसरत्या दर्जाची. दोघांनी आवाज एकत्र केला. शेतकरी संघटनेच्या अर्जावर 10 लाखांहून अधिक सह्या झाल्या. तेव्हा संघटनेच्या अध्यक्ष मिनेट बॅटर्स होत्या, त्या पदावरची पहिली महिला.

आयात मालाला घरचाच दर्जा लावणारी दुरुस्ती पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाने फेटाळली, हे खरे. पण सरकारला काही पावले मागे यावे लागले. व्यापारी करारांवर मत देणारा शेती आयोग कायद्याने नेमावा लागला. तो फक्त सल्ला देतो, करार रोखू शकत नाही. पुढे ऑस्ट्रेलियाशी केलेला करार 31 मे 2023 पासून लागू झाला. त्या कराराच्या वेळी शेतीमंत्री असलेले जॉर्ज युस्टिस यांनी पद सोडल्यावर नोव्हेंबर 2022 मध्ये सभागृहात सांगितले, की हा करार ब्रिटनच्या दृष्टीने फारसा चांगला नाही. बैल गेला आणि झोपा केला, त्यातलीच ही गत.

बीटवरचा मावा

आता जिथे दोघे समोरासमोर आले ते उदाहरण घेऊ. ब्रिटनमध्ये ऊस होत नाही. तिथे साखरेसाठी बीट लावतात. या बीटवर मावा येतो आणि आपल्याकडे पांढरी माशी भेंडीवर हळद्या पसरवते तसा तो पाने पिवळी पाडणारा विषाणूरोग पसरवतो. 2020 च्या हंगामात या रोगाने देशाचे बीट उत्पादन सुमारे पाव हिस्सा घटले. काही शेतांत तर हाती फारसे काही लागलेच नाही.

यावर उपाय म्हणून थायमेथोक्झामची बीजप्रक्रिया होती. हे औषध आपल्यालाही ठाऊक आहे. पण मधमाश्यांना अपाय होतो म्हणून युरोपने 2018 मध्ये ते आणि त्याच्या जातीची आणखी दोन औषधे उघड्या शेतात वापरायला बंद केली होती. ब्रिटन बाहेर पडल्यावर बीट उत्पादक आणि साखर उद्योगाने तातडीची परवानगी मागितली. 2021 मध्ये ती मिळाली, पण अट अशी, की रोगाचा अंदाज ठरावीक पातळीच्या वर गेला तरच बियाण्याला औषध लावायचे. त्या हिवाळ्याच्या थंडीने मावा मारला, औषध लागलेच नाही. 2022, 2023 आणि 2024 मध्ये परवानगी मिळाली आणि वापरही झाला. निसर्गप्रेमी संस्था दर वर्षी विरोध करत राहिल्या. शेवटी जानेवारी 2025 मध्ये नव्या सरकारने परवानगी नाकारली.

इथे दोघांचेही म्हणणे खोटे नाही. मधमाशी गेली तर परागीभवन जाते, आणि बीट गेले तर त्या शेतकऱ्याचे वर्ष जाते. औषध काढून घ्यायचे तर रोगाला तोंड देणारे वाण आणि पर्यायी उपाय आधी बांधावर पोचले पाहिजेत. नुसती बंदी किंवा नुसती सूट, दोन्हींनी प्रश्न सुटत नाही.

वेल्समधले गमबूट

ब्रिटनमध्ये शेती हा विषय प्रत्येक प्रांताकडे आहे. वेल्सच्या सरकारने मांडलेल्या योजनेत अट होती, की पैसे हवे असतील तर शेताच्या 10 टक्के भागावर झाडे हवीत. शिवाय 10 टक्के जागा रानजीवांसाठी राखायची. सरकारनेच करवून घेतलेल्या एका अभ्यासात शेतीतली सुमारे 5,500 कामे जातील असा अंदाज निघाला. 28 फेब्रुवारी 2024 ला हजारो शेतकरी कार्डिफमध्ये जमले. काही दिवसांनी विधिमंडळाच्या पायऱ्यांवर शेतकरी संघटनेने गमबुटांचे 5,500 जोड ओळीने मांडून ठेवले. एक जोड म्हणजे गेलेले एक काम. भाषणाची गरजच उरली नाही.

योजना एक वर्ष पुढे गेली. जुलै 2025 मध्ये ती पक्की झाली तेव्हा प्रत्येक शेतावर 10 टक्के झाडांची अट निघाली होती, मात्र रानजीवांसाठीच्या 10 टक्क्यांची राहिली. झाडांची अट गेल्याने निसर्गप्रेमी नाराज झाले. पण ज्या शेतकऱ्याला झाड लावायचे आहे त्याला त्याचा पैसा मिळण्याची वाट खुली राहिली. 1 जानेवारी 2026 पासून ही योजना सुरू झाली.

तिजोरीची चावी तिसऱ्याकडे

इंग्लंडमध्ये जमिनीवरचे पैसे 2021 पासून दर वर्षी कमी होत गेले आणि 2027 हे त्यांचे शेवटचे वर्ष ठरले. त्या जागी कामावर पैसे देणाऱ्या योजना आल्या. उदाहरणार्थ, हिवाळ्यात रान उघडे न ठेवता मिश्र आच्छादन पीक घेतले तर 2023 मध्ये हेक्टरी 129 पौंड मिळत. योजना दोन्ही बाजूंनी घासाघीस करून घडवलेल्या होत्या. जमिनीवरची रक्कम आटत असताना शेतकऱ्याने या नव्या योजनांत शिरावे, असाच सारा बेत होता.

मात्र ऑक्टोबर 2024 च्या अर्थसंकल्पात कपात एकदम वाढली. 2025 साठी पहिल्या 30 हजार पौंडांवर 76 टक्के कपात आणि त्यावरच्या रकमेला काहीच नाही. म्हणजे कितीही मोठा शेतकरी असला तरी 7,200 पौंडांवर मिळकत नाही. आणि 11 मार्च 2025 रोजी सरकारने नव्या योजनेचे अर्ज घेणेच अचानक थांबवले. सहा आठवडे आधी सूचना देऊ, असे सांगितले असताना एका दिवसाचीही सूचना मिळाली नाही. कारण दिले, वाटायचा निधी संपला. जमिनीवरचा पैसा आटलेला आणि कामाचा पैसा दार लावून बसलेला, अशा कात्रीत हजारो शेतकरी सापडले. शेतकरी संघटना आणि निसर्गप्रेमी संस्था दोघेही त्या दिवशी एकाच सुरात संतापले. शेतकरी संघटनेने कायद्याची वाट धरली, तेव्हा अर्ज अर्धवट भरून ठेवलेल्या सुमारे 3 हजार शेतकऱ्यांसाठी दार पुन्हा उघडावे लागले.

या साऱ्यात सर्वांत मागे राहिला तो खंडकरी. इंग्लंडमधली सुमारे एक-तृतीयांश शेतजमीन खंडाने केली जाते. झाडे लावण्याचा किंवा रान मोकळे सोडण्याचा पैसा मिळतो म्हटल्यावर मालकाला जमीन परत घ्यावीशी वाटू लागली. खंडाची मुदत तीन-चार वर्षांची असेल तर दीर्घ मुदतीच्या योजनेत खंडकऱ्याला शिरताही येईना. त्यांची बाजू तपासणारा सरकारी अहवाल आला ऑक्टोबर 2022 मध्ये, कायदा होऊन दोन वर्षे झाल्यावर. दोन मोठ्यांच्या वादात लहानाचे नाव शेवटी घेतले जाते, ते असे.

आपल्याला यातून काय?

द्राक्ष बागायतदारांनी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. 2021 पासून ब्रिटनने (उत्तर आयर्लंड सोडून) औषधांच्या अंशाच्या मर्यादा स्वतःच्या वेगळ्या ठेवल्या आहेत. युरोपला चाललेला माल ब्रिटनला चालेलच, किंवा उलट, असे गृहीत धरू नये. मे 2025 मध्ये ब्रिटन आणि युरोपने हे नियम पुन्हा जवळ आणण्यासाठी करार करण्याचे ठरवले. भारत आणि ब्रिटन यांच्यात 24 जुलै 2025 रोजी व्यापार करारावर सह्या झाल्या. पण जकात घटली म्हणून अंशाची मर्यादा सैल होत नाही. 2010 मध्ये सीसीसी या संजीवकाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती, हे जुने बागायतदार विसरलेले नाहीत. तेव्हा फवारणीआधी त्या हंगामाची निर्यातीसाठीची ताजी यादी पाहावी, फवारणीची नोंदवही रोजच्या रोज लिहावी.

धोरणाबाबत पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात:

1. मसुदा असतानाच बोलावे. ब्रिटनमध्ये ज्याने आधी सूत्र मांडले त्याच्या सूत्रावर कायदा उभा राहिला. आपल्याकडेही मसुदे राजपत्रात येतात आणि हरकतींसाठी मुदत असते. मे 2020 मध्ये 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा आला तेव्हा अशीच मुदत दिली होती. ग्रामसभेत किंवा शेतकरी गटात मसुदा वाचून घ्यावा आणि मुदतीत लेखी हरकत पाठवावी. मुदतीनंतरचा मोर्चा म्हणजे वरातीमागून घोडे.

2. आकडा सोबत न्यावा. 'परवडत नाही' या शब्दापेक्षा खर्चाची वही जास्त बोलते. 5,500 गमबुटांमागेही एक छापील आकडा होता.

3. 'नको' म्हणताना 'मग काय हवे' हेही सांगावे. 'अन्न हेही सार्वजनिक हित' असे म्हणून संघटनेने कायद्यात जागा मिळवली.

4. समोरचा प्रत्येक बाबतीत विरोधक नसतो. माती आणि पाणी दोघांनाही हवे असते. जिथे मत जुळते तिथे एकत्र जावे, जुळत नाही तिथे खुशाल भांडावे.

5. कायदा झाला म्हणजे काम संपले नाही. कलम कायद्यात राहते आणि पैसा अर्थसंकल्पात. दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ होऊ नये म्हणून दर वर्षी तिजोरीकडे लक्ष हवे.

6. आपल्यातला सर्वांत लहान कोण, खंडकरी कोण, वाटेकरी कोण, हे आधी विचारावे. त्याचे नाव मसुद्यात नसेल तर ते घालून घेणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.

हे पत्रक घरात ठेवून न देता पारावर वाचून दाखवावे. शंका असतील त्या पोस्टकार्डावर लिहून कार्यक्रमाकडे पाठवाव्यात. पुढील भागात त्यांना उत्तरे देऊ.